परक्या जाळ्यातला चोर

अशा अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. त्यांनी कुठेतरी वर्षानुवर्षं खुर्ची झिजवलेली असते, बदल्या सोसलेल्या असतात, नाना तऱ्हेचे साहेब पाहिलेले असतात. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी पालघरला एम.एस्सी. करतो आहे आणि माझी सगळी नोकरी म्हणजे कॉलेजच्या एका प्रकल्पावर दोन हंगाम केलेलं मदतनिसाचं काम. त्याला नोकरी म्हणावं का, अशी शंका मलाच आहे. संपादकांनी ‘लिही’ म्हटलं तेव्हा मी त्यांना पुन्हा विचारलं, नक्की मलाच ना? आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. घरी पुस्तकातली मराठी कोणी बोलत नाही. तेव्हा लिहायचं धाडस केल्याबद्दल आधीच माफी मागतो, आणि कुठे शब्द अडखळला तर सांभाळून घ्या.

काम कोळ्यांचं. म्हणजे जाळं विणणाऱ्या, आठ पायांच्या कोळ्यांचं. मी मुरब्याच्या कोळीवाड्यातला, त्यामुळे यावर जो विनोद होतो तो तुमच्या मनात आलाच असेल. तो करणारे मला सारखे भेटतात आणि प्रत्येकाला वाटतं, हे आपल्यालाच सुचलं. तो झाला असं समजून पुढे जातो.

आमच्या प्रकल्पात सगळे कोळी नव्हते, फक्त चक्रासारखं गोल जाळं विणणारे होते. मधून बाहेर जाणारे आरे, त्यावर फिरत गेलेला चिकट धागा. पालघर-बोईसर पट्ट्यात असे किती प्रकार आहेत, वाडीत कुठले, रस्त्याकडेला कुठले, कारखान्यांच्या आसपास कुठले, एवढं पाहायचं. पाऊस सरत आला की हे कोळी मोठे होतात आणि दिवाळीपर्यंत भरपूर दिसतात. तेवढ्या दिवसांत आम्ही टेप लावून एक पट्टा आखायचो, त्यातून गोगलगाईच्या चालीने चालायचो, दिसेल ते टिपायचो, फोटो काढायचो. झुडपाखाली छत्री उलटी धरून वरच्या फांद्या काठीने झोडायच्या, की लपलेले कोळी छत्रीत पडतात. जाळं नीट दिसत नसेल तर त्यावर कॉर्नफ्लॉवरची पूड फुंकायची, मग धागा न धागा पांढरा उमटतो.

आता विचार करा. हातात टेप, गळ्यात कॅमेरा, भर उन्हात उलटी छत्री, आणि झाडांवर पांढरी पूड फुंकणारा एक अनोळखी पोरगा. या भागात हे बघून कोणाला काय वाटेल? मला या कामात कोळी चावला नाही, साप आडवा गेला नाही. जे काय सोसावं लागलं ते माणसांच्या नजरेने.

बोईसरला औद्योगिक वसाहतीत आमचा एक पट्टा एका कारखान्याच्या कुंपणाच्या भिंतीला लागून होता. भिंतीवरच्या काटेरी तारांमध्ये गोल जाळंवाल्यांच्याच कुटुंबातल्या, पण तंबूसारखी जाळी विणणाऱ्या कोळ्यांनी अख्खा मोहल्ला वसवला होता, एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत. मी खूश होऊन फोटो काढत होतो. वॉचमन आला.

“ए भाई, क्या खींच रहा है?”

“मकड़ी.”

त्याने तारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मकड़ी के पीछे क्या है, वो बोल.”

“पीछे तो आपकी कंपनी है. उसने घर ही वहाँ बनाया, मैं क्या करूँ?”

“होशियारी नहीं. किसका आदमी है? अख़बार का? प्रदूषणवालों का?”

मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं. “कॉलेज में मकड़ी गिनना सिखाते हैं? मेरे को क्या समझा है तू?” तोवर आतून सुपरवायझर आले. ते मराठी. त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि सगळे फोटो पुसायला लावले. एकेक पुसला जाताना ते वाकून बघत होते. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, “मागच्या नाल्याचा नाही ना काढलास?”

तोवर मला मागे नाला आहे हे माहीतही नव्हतं.

संध्याकाळी मी आमच्या मॅडमना विचारलं की फोटो गेले, पट्टा अर्धवट राहिला, तर त्यापुढे ‘नाही’ लिहू का. मॅडम म्हणजे या प्रकल्पाच्या प्रमुख, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, बोलतात कमी. त्या म्हणाल्या, “पाहता आलं नाही, असं लिही. ‘नाही’ आणि ‘पाहता आलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” तेव्हा मला वाटलं, बाई उगाच शब्दांत अडकतात.

ओळख पटवणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. बाहेरच्यांना वाटतं, पुस्तकात चित्र बघायचं आणि नाव टाकायचं. मलाही तसंच वाटायचं, आणि त्यात मी जाळ्यांच्या गावातला. आमच्याकडे लांबून जाळं पाहून सांगतात की हा कुठल्या माशाच्या मागे आहे. त्यामुळे कोळी बघायच्या आधी माझी नजर जाळ्यावर जायची. जाळ्याच्या मधोमध जाड पांढरी नागमोडी रेघ ओढून त्यावर पाय जोडीजोडीने ठेवून बसते ती वेगळी. खाल्लेल्या किड्यांचा कचरा एका ओळीत लावून त्याच कचऱ्यात लपते ती वेगळी. नाल्यावर, खाडीच्या कडेला, पाय पुढे ताणून गवताच्या काडीसारखी पडून राहते ती लांब जबड्याची. सावलीत आडवं जाळं टाकते ती चांदीच्या रंगाची. दोन झाडांमध्ये सोनेरी धाग्याचं, हात लावला तर ताणून धरणारं दणकट जाळं असलं तर ती रानातली मोठी. काही तर संध्याकाळी जाळं टाकतात आणि पहाटे ते गोळा करून खाऊन टाकतात. आमच्याकडे जाळं खात नाहीत, एवढाच फरक.

हे मी अभिमानाने मॅडमना सांगितलं. त्यांनी मला पपईच्या झाडाखालचं एक सुरेख गोल जाळं दाखवलं. “हे कोणाचं?” मी नाव सांगितलं. त्यांनी मला धाग्याला बोट लावायला सांगितलं. चिकटलंच नाही. कापसासारखा पिंजलेला धागा. ती दुसऱ्याच कुटुंबातली निघाली. तिला विषसुद्धा नसतं, भक्ष्याला नुसतं गुंडाळून गुंडाळून मारते. जाळं अगदी तसंच, आणि नातं लांबचं.

रंगाचंही तेच. पहिल्या हंगामात मी चिकूच्या वाडीतून एक हिरवी, एक तपकिरी, एक पट्ट्यांची, एक पाठीवर पांढरा डाग असलेली असे निरनिराळे प्रकार मोठ्या हौसेने आणले. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांच्या पोटाखालची एक बारीक कडक पट्टी दाखवली. ती मादीची खूण, प्रत्येक जातीची वेगळी घडण असते. सगळ्यांची एकच होती. माझे सगळे प्रकार एका झटक्यात सख्ख्या बहिणी झाले. नर असेल तर तोंडाजवळ दोन फुगीर मुठी असतात, त्यांची आतली घडण बघावी लागते. मादीची पट्टी कुलूप धरली तर या मुठी किल्ल्या. आणि हे सगळं पूर्ण वाढलेल्या कोळ्यातच दिसतं, पिल्लात नाही. त्यासाठी कोळी स्पिरिटमध्ये टाकावा लागतो. आमच्या घरात रोज टोपलीभर मासे मरतात, पण पहिल्यांदा बाटलीत एक कोळी पाय आखडत निवला तेव्हा मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, “आपुन पोटाला मारतो. तू कशाला मारतस?” याचं नीट उत्तर मला अजून देता येत नाही.

आता पाम गावच्या जनूकाकांकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

पाममध्ये जनूकाकांची वाडी आहे. चिकू, नारळ, थोडी सुपारी, विहिरीजवळ मोगरा. आम्हाला जुनी, फवारणी कमी असलेली एक वाडी हवी होती आणि कोणीतरी हिचं नाव सुचवलं. मी गेलो तेव्हा काका कुठे दिसले नाहीत म्हणून हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि मी कडेच्या झाडांशी टेप सोडायला लागलो. हा माझा मूर्खपणा. टेपचं टोक एकदम ताणलं गेलं. वळून पाहिलं तर साठीचा एक माणूस त्यावर पाय देऊन उभा.

“कोनाची मोजनी हाय?”

“मोजणी नाही काका. कोळी बघतोय.”

“कोळी फुटानं मोजतात?”

“कोळी नाही, जागा मोजतोय.”

हे शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं, आपण काय बोललो. त्यांनी मला दंडाला धरून वाडीच्या दुसऱ्या अंगाला नेलं. बांधावर ओळीने लाल रंग लावलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या. त्या कोणी ठोकल्या हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. काका सातपाटीला लग्नाला गेले होते, परत आले तर खुंट्या. कोणी म्हणायचं रस्ता जाणार, कोणी म्हणायचं रस्ता नुसतं नाव आहे. पुढची ओळ वाडीच्या मधून जाणार हे मात्र खुंट्यांकडे पाहून कोणालाही कळलं असतं.

“ह्या तुज्याच मानसांनी ठोकल्या ना?”

मी नाही म्हटलं. तेवढ्यात घरातून काकी आल्या आणि त्यांची नजर माझ्या डब्यावर गेली. “आनि ही पावडर कसली? झाडं मारायला आलास, का करनी करायला?”

मी घाबरून डबा उघडला आणि चिमूटभर पूड तोंडात टाकली. काकींनी वास घेतला, बोटाला लावून चाखली. “अगो, ही तर सुपात घालतात ती.” मग काकांकडे वळून, “मारत नाय ही. पोराला सूप पाजून पाटवलंय वाटतं कोनीतरी.”

काका हसले नाहीत. पण मला हाकललंही नाही. त्यांनी अट घातली. मी येईन तेव्हा ते बरोबर फिरणार आणि टेपचं दुसरं टोक त्यांच्या हातात राहणार. “तू कुटं लावतंस ते मी बगनार.” त्यानंतर त्या वाडीत मी एकट्याने एक पाऊल टाकलं नाही. त्यांनी माझी टेप घरच्या फूटपट्टीशी लावून तपासलीसुद्धा.

विहिरीजवळच्या दोन चिकूंच्या मध्ये काटेरी कोळ्यांची जाळी होती. काटेरी म्हणजे पाठीवर कवचासारखी कडक पिवळी ढाल, तिच्यावर काळे पट्टे, कडेला काटे. अंगठ्याच्या नखाएवढी असेल, पण जाळ्याच्या मधोमध अशी बसते की हे सगळं तिचंच. ती आमच्या भागात नवी नाही, खूप आधीपासून माहीत असलेली जात. मी नोंद करून पुढे जाणार, तेवढ्यात जाळ्याच्या कडेला, एका सुट्या धाग्यावर, तिळाएवढं काहीतरी हललं. काळपट तपकिरी, काटे नाहीत, ढाल नाही. शेजारच्या जाळ्यातही तसाच एक. पुढच्या खेपेला मी त्याला तिच्या गुंडाळून ठेवलेल्या माशीच्या अगदी जवळ सरकलेला पाहिला. ती हलली आणि तो झटक्यात मागे पळाला.

मला एका क्षणात खात्री झाली. चोर!

उगाच नाही. दुसऱ्याच्या जाळ्यात राहून त्याची शिकार पळवणारे कोळी खरंच असतात. रानातल्या मोठीच्या जाळ्यात पाऱ्याच्या थेंबासारखे बारके मी पाहिले होते. घरी सांगितलं तर बाबांनीही तेच ठरवलं. आमच्याकडे समुद्रात प्रत्येकाची जाळं लावायची जागा ठरलेली असते आणि ज्याची त्याला माहीत असते. दुसऱ्याची होडी आपल्या जाळ्याशी थांबलेली दिसली की कोणी विचारपूस करत बसत नाही. बाबा जाळं शिवता शिवता मान वर न करता म्हणाले, “परक्याचे जाल्यान बसलाय ना? मंग चोरच. दुसरा कोन असल?”

बाटलीत घेतलेल्या एकाच्या तोंडाजवळ दोन फुगीर मुठी होत्या. म्हणजे पूर्ण वाढलेला नर. माझ्याकडच्या कुठल्याही चित्राशी त्या मुठींची घडण जुळत नव्हती. मॅडमनी बराच वेळ पाहिलं. “नर आहे एवढं नक्की. कोणाचा, ते माहीत नाही. मादी कुठाय याची?”

“सापडली नाही.”

“शोध.”

“नवीन जात असेल का मॅडम?”

“माझा एक अंदाज आहे. सांगितला तर तू तेवढंच बघशील.” मग जाता जाता म्हणाल्या, “त्याच जाळ्यातली एक काटेरीही आण.” कशाला, ते सांगितलं नाही. मला वाटलं, अशा साध्या काटेरीचं यांना काय करायचंय?

मी चोराची बायको शोधायला लागलो. सालीखाली, पाचोळ्यात, विहिरीच्या कठड्याच्या फटींत, मोगऱ्यात. काका टेप धरून मागे. ‘बायको शोधतोय’ हे ऐकल्यावर काकी दारातून ओरडायच्या, “तुजी शोद आदी!” पण काकांनी एक दिवस वेगळंच विचारलं.

“हा चोर फकस्त आमच्याच वाडीत हाय ना?”

“आतापर्यंत तरी इथेच दिसला.”

“नवा निगाला तर?”

“तर नाव मिळेल त्याला.”

“नाव नको. कुटंतरी एका बेडकापायी काम थांबलं बोलतात. खरं हाय?”

मी म्हटलं, असं ऐकतो, पण तो कायदा, ते कागद, मला त्यातलं कळत नाही. आणि हा नवा आहे हेच अजून ठरलेलं नाही. ते मान हलवत होते, पण कान दुसरीकडे होते. दुसऱ्या खेपेला गेलो तर त्या दोन चिकूंना बाभळीच्या काट्यांचं कुंपण. झाडावरचे चिकू काढायचे बंद. जवळून जाणाऱ्या पुतण्यालाही ते हटकत. काकी वैतागल्या होत्या. “कोळ्याच्या पायी पिकलेलं सगळं वटवागळांनी खाल्लं. उद्या मलाबी पास काडायला लावतील.”

मला तेव्हा बरं वाटत नव्हतं. ज्या माणसाने माझ्यावर इतका संशय घेतला, त्याने आता सगळा भरवसा तिळाएवढ्या एका कोळ्यावर टाकला होता, आणि तो कोळी कोण हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. खुंट्या मात्र जागच्या जागी होत्या. पावसाने त्यांचा रंग उडाला, तर एक दिवस कोणीतरी येऊन पुन्हा लावून गेलं. तेही काकांना दिसलं नाही.

मग बाटली नाहीशी झाली. प्रयोगशाळेच्या कपाटात माझी बाटली नव्हती, आणि काटेरीचीही नव्हती. मी दोन दिवस कोणाला काही बोललो नाही. घरी आई म्हणाली, “बाईनी आपले नावावर घातला असल. तुजा बाप मासे पकडते, पैसा दलाल खाते. इथं काय वेगला हाय?” मला ते खरं वाटलं. शेवटी धीर करून विचारलं तर मॅडम म्हणाल्या, “अरे, दूरच्या एका संग्रहालयातल्या तज्ज्ञांकडे पाठवल्या. तुला सांगायचं राहिलं, चुकलंच माझं.” एवढ्या सहज बोलल्या की संशय आणखी वाढला. मी वर्गात त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो, काही लपवतात का म्हणून.

उत्तर येईना. परीक्षा झाली, उन्हाळा गेला, पावसाळा लागला. दुसऱ्या हंगामात मी पामला गेलो तेव्हा काकांनी टेपचं टोक हातात घेतलं नाही. ओट्यावर बसूनच विचारलं, “बाटलीत घालून नेलंस ना त्याला? कुटं हाय तो?”

“तपासायला पाठवलाय.”

“कोनाकडं?”

मला तज्ज्ञांचं नावही माहीत नव्हतं.

“इकला तर नायस?” ते शांतपणे म्हणाले. “ज्यांनी खुंट्या ठोकल्या त्यांनी तुला गाटला असंल. नवा हाय म्हनून कळू नये यासाटी कोन किती देतील, तुला काय म्हाईत?”

मला राग आला. पण मी मॅडमबद्दल वर्षभर दुसरं काय करत होतो? मी विहिरीकडे गेलो. थोड्या वेळाने मागे चपलांचा आवाज आला आणि टेप ताणली गेली. ते पुन्हा टोक धरून उभे होते, डोळे मात्र माझ्या पिशवीवर.

त्यानंतर काही खेपा अशाच गेल्या. जाळी पुन्हा आली होती. मधोमध काटेरी, कडेला चोर. दिवाळी जवळ आली होती, आणि आम्ही कुंपणाच्या आत टेप लावत होतो, तेव्हा माझा फोन वाजला. मॅडम. मी बाजूला सरकायला लागलो तर काका म्हणाले, “हितंच बोल. मोट्यानं लाव. मीबी ऐकतो.”

मी स्पीकर लावला.

“उत्तर आलंय,” मॅडम म्हणाल्या. “नवीन जात नाही.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

“दोघांच्या पायांमधलं डीएनए जुळलं. तो चोर नाही रे. त्या काटेरीचा नर आहे. तिचाच. मादी सगळ्यांना माहीत होती, नर आजवर कोणी नोंदवलेला नव्हता. म्हणून तुझ्या चित्रांशी जुळत नव्हता. माझा तोच अंदाज होता, पण तुला तुझ्या डोळ्यांनी शोधू द्यायचं होतं. त्याचं वर्णन पहिल्यांदाच छापलं जाईल, त्यात तुझंही नाव असेल. ऐकतोयस ना?”

मी हो म्हटलं. वर्षभर मी ज्याची बायको सालीखाली शोधत होतो, तो तिच्या दारात बसला होता. वाढ पूर्ण झाली की नर स्वतःचं जाळं विणायचं सोडतो आणि मादीच्या कडेला येऊन राहतो, हे मी परीक्षेत लिहिलंही होतं.

“बाई खरं बोलते ना?” फोन ठेवल्यावर काकांनी विचारलं. “कोनी तोंड बंद केलं नसंल ना तिचं?”

“खरं बोलतात काका.”

“तुला कशावरून?”

“कारण मी पण त्यांच्यावर संशय घेऊन बघितला.”

त्यांनी माझ्या पिशवीतून डबा काढला आणि मी शिकवलं होतं तशी पूड हलकेच जाळ्यावर फुंकली. सगळं चक्र पांढरं उमटलं. ती मधोमध बसून राहिली. कडेच्या धाग्यावरचा तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

“येवडं दिवस चोर बोललो आपुन त्याला,” काका म्हणाले.

ओट्यावरून काकींनी हाक दिली, “काय झालं? सापडला काय चोर?”

“चोर नाय गो. घरजावई हाय!”

काकी मोठ्याने हसल्या. “मंग जेवायला ठेवा त्याला!”

काका हसले नाहीत. काटेरी फांद्यांवरून पलीकडे बांध दिसत होता आणि बांधावर ताज्या रंगाच्या खुंट्या. ते तिकडे बघत उभे राहिले.

“म्हंजे याच्या जिवावर वाडी राहत नाय,” शेवटी म्हणाले. मग वाकून त्यांनी कुंपणाची एक बाभळीची फांदी उचलून बाजूला टाकली, दुसरी टाकली, आणि जमिनीवर पडलेलं टेपचं टोक हातात घेतलं.

“चल. उरलेली वाडी मोज.”